मांद्रे मुक्कामी पाच मिलिमीटर

डिचोलीहून मांद्र्यास जावयाचे तर दोन वाटा आहेत. एक कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्यावरून जाते. दुसरी म्हापसा, शिवोली करीत शापोरा नदीवरील पुलाने चोपड्यास उतरते. आम्ही नेहमी दुसरीच धरतो. या नदीवर पूल नव्हता तेव्हा शिवोलीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत उभे राहावे लागे, आणि त्या बोटीच्या इंजिनघरात आमचे भावोजी असत. बोट धक्क्याला लागली की तेलाने काळवंडलेले हात पुसत ते वर येत आणि म्हणत, "या मास्तर, बसा सावकाश. नदी काही पळून जात नाही." आज पुलावरून गाडी दोन मिनिटांत पलीकडे जाते. भावोजी निवृत्त होऊन घरी बसले आहेत. तरीही पुलावर आलो की आमची नजर आपोआप खाली पाण्याकडे जाते.

गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही मांद्र्यास गेलो ते मात्र हवापालटासाठी नव्हे. धाकट्या बहिणीचा दूरध्वनी आला होता. "दादा, तो पुन्हा इंजिन उघडून बसला आहे. तू एकदा येऊन जा. तुझे ऐकेल तो." 'तो' म्हणजे आमचा भाचा. वय सव्वीस. आय.टी.आय.मधून मोटार दुरुस्तीचे शिक्षण घेऊन त्याने घरच्या रिकाम्या गोठ्यात गॅरेज थाटले आहे. दिवसा पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या दुरुस्त करतो आणि रात्री स्वतःची शर्यतीची गाडी. आदल्या वर्षी मातीच्या मैदानावरील एका शर्यतीत या गाडीच्या इंजिनातील एक दांडा तुटला, इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला, आणि तापलेल्या नळीवर तेल सांडून भडका उडाला. मुलगा वाचला, उजव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची खूण तेवढी राहिली. बहिणीने ती खूण वर्षभर रोज पाहिली होती. इंजिन पुन्हा बांधण्याचा बेत ऐकून तिच्या पोटात गोळा आला असल्यास नवल नाही.

शापोरा ओलांडली की पेडणे तालुका लागतो. १७८८ मध्ये हा मुलूख सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला. नव्या काबिजादीतील हा प्रदेश. येथे देवळे राहिली, देवळांतील कीर्तने राहिली आणि ओसरीवरील पोथीबरोबर मराठीही राहिली. बाकी पुष्कळ बदलले. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आकाशात विमानांची ये-जा असते, आणि रस्त्यावर भाड्याच्या बुलेट फटफट्या धडधडत असतात. परंतु मांद्र्याचा समुद्र अजूनही पाहुण्याला एकदम भेटत नाही. आधी माड, मग समुद्राला समांतर वाहणारे खाडीचे संथ पाणी, त्यावरील बांबूचे साकव, मग वाळूच्या टेकड्या, आणि त्यानंतर लाटा. याच वाळूत थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री अंडी घालण्यासाठी येतात. ज्या किनाऱ्यावर जन्म झाला, त्याच भागात ती परततात म्हणे. आमच्या भाच्याचेही तसेच. पुण्यातील चांगली नोकरी सोडून तो या गोठ्यात परतला होता.

घरी पोहोचलो तेव्हा दहाची पेज चालली होती. उकड्या तांदळाची पेज आणि खारातल्या आंब्याची फोड पुढे आली. कोणी विषय काढीना. शेवटी आम्हीच म्हटले, "चला, तुमचे इंजिन तरी पाहू."

एका मराठी मास्तराने इंजिनावर काय लिहावे, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यांस एवढेच स्मरण देतो की, ज्या 'किर्लोस्कर' मासिकाने मराठी घरांना वाचनाची गोडी लावली, त्याचा जन्म १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' या नावाने किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगरांच्या कारखान्यातच झाला होता. लोखंड आणि मराठी यांचे वैर नाही.

गोठ्यात गव्हाणीच्या जागी लाकडी बाक होता आणि त्यावर इंजिनाचा बिडाचा ठोकळा उताणा ठेवलेला होता. चार सिलिंडरांचे, सुमारे तेराशे घनसेंटिमीटरचे इंजिन. शेजारी स्वच्छ फडक्यावर चार पिस्टन, एक क्रँक आणि चार दांडे मांडलेले. शास्त्रीय मराठीत पिस्टनला दट्ट्या म्हणतात, क्रँकला भुजादंड आणि या दांड्याला संयोगदांडा. गॅरेजात त्याला नुसते 'कनेक्टिंग' म्हणतात. भाषेचे शिक्षक असूनही आम्ही येथे गॅरेजचाच पक्ष घेतो. कारण भाच्याशी बोलताना आम्ही 'भुजादंड' म्हणालो तेव्हा तो आपल्या दंडाकडे पाहू लागला.

हा दांडा करतो काय, हे ज्यांच्या घरी पायाचे शिवणयंत्र आहे त्यांस सहज कळेल. खालची पायपट्टी वरखाली डुलते, वरचे चाक गोल फिरते, आणि दोहोंना जोडणारा एक दांडा मधे असतो. मोटारीत तोच दांडा उलट्या दिशेने काम करतो. सिलिंडरात इंधनाचा स्फोट होऊन पिस्टन सरळ रेषेत खाली ढकलला जातो, आणि दांडा ती सरळ चाल क्रँकच्या गोल फिरण्यात बदलतो. याच युक्तीवर इंग्लंडमध्ये १७८० मध्ये जेम्स पिकार्ड याने एकस्व घेतले, तेव्हा जेम्स वॅटसारख्या थोर माणसालाही आपल्या वाफेच्या इंजिनासाठी दात्यांच्या चाकांची निराळीच वाट शोधावी लागली. दिसावयास साधा, पण त्याच्यावाचून चाक फिरत नाही.

भाच्याचा बेत असा होता. इंजिनात मुळात १२० मिलिमीटर लांबीचे दांडे होते. लांबी म्हणजे वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर. त्याला आता १२५ मिलिमीटरचे दांडे घालावयाचे होते. पिस्टनचा फेरा, म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची चाल, ७६ मिलिमीटर. दांड्याच्या लांबीला फेऱ्याने भागले की जे गुणोत्तर निघते त्याला इंजिन बांधणारे फार मानतात. १२० ला ७६ ने भागले की १.५८ येते, १२५ ला भागले की १.६४. "मामा, गुणोत्तर जितके मोठे तितके इंजिन मोकळे फिरते, असे सगळे सांगतात. दांडा आखूड असला की तो तिरका फार होतो, पिस्टनला भिंतीवर दाबतो. म्हणूनच मागच्या वेळी तुटला."

लांब दांडे आणि त्यांना जुळणारे पिस्टन मुद्दाम बनवून घ्यावे लागणार होते. खर्च भावोजींच्या पाच महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतका. काजूच्या येत्या हंगामावर उचल घेऊन पैसे जमविलेले होते, आणि मागणी संध्याकाळपर्यंत नोंदवावयाची होती. पैसे एकदाच उभे राहणार होते. चूक झाली तर दुसरी संधी नव्हती.

आम्ही विचारले, "जुळणारे पिस्टन कशाला? दांडा लांब केला की झाले."

त्याने वही काढली. शाळेत या मुलाच्या वह्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यांत एवढे सुबक अक्षर कधी नव्हते. वहीत एक बेरीज होती. क्रँकच्या मध्यापासून ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची १९० मिलिमीटर. तीत फेऱ्याचा अर्धा भाग ३८, दांडा १२० आणि पिस्टनच्या खिळीपासून माथ्यापर्यंतची उंची ३२. झाले १९०. ठोकळा ओतीव, त्याची उंची वाढत नाही. तेव्हा दांडा ५ ने वाढला की पिस्टनची उंची ३२ वरून २७ वर आणावी लागते. नाही तर पिस्टन ठोकळ्याच्या वर पाच मिलिमीटर डोके काढील आणि वरच्या झाकणावर आपटेल.

आमची बहीण दाराशी केव्हा येऊन उभी राहिली ते कळले नव्हते. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या घरखर्चासारखेच की! पगार ठरलेला. एकीकडे वाढवायचे तर दुसरीकडे कापायचे."

तीस वर्षे शिकवूनही आम्हांस इतक्या थोड्या शब्दांत समजावून सांगता आले नसते. दांड्याच्या लांबीची निवड ही एकट्या दांड्याची नसते. पिस्टन तोकडा केला की तो हलका होतो, हा लाभ. पण त्याच्या अंगावरील तीन कड्यांना जागा कमी पडते. त्या एकमेकींच्या जवळ येतात, ज्वाळेच्या जवळ जातात, आणि फारच तोकडा केला तर खिळीचे भोक तेलाच्या कडीच्या खाचेत शिरते. शिवाय लांब दांडा स्वतः थोडा जड होतो.

"आणि मिळते काय?" आम्ही विचारले. भाचा थबकला. ऐकीव माहिती पुष्कळ होती. मोजून पाहिलेले काही नव्हते. आम्ही म्हटले, "मग मोजू."

अंगण नुकतेच शेणाने सारविलेले होते. खरे माप लहान, म्हणून दसपट करावयाचे ठरले. खिळा ठोकून सुतळीने ३८ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ खडूने काढले, तो क्रँक. बांबूच्या दोन कामट्या कापल्या, एक १२० सेंटिमीटर, दुसरी १२५, ते दांडे. वर्तुळाच्या मध्यातून एक सरळ रेषा आखली. ती पिस्टनची वाट. शेजारची पोरे कुंपणाशी जमली. हेडमास्तर गुडघे टेकून अंगणात खडू चालवीत आहेत, हे दृश्य त्यांस वारंवार कोठून दिसणार?

पिस्टन वरच्या टोकाला असताना सुरुवात केली आणि क्रँक पाव फेरा फिरविला. आमची समजूत अशी की, पाव फेऱ्यात पिस्टन निम्मे अंतर, म्हणजे ३८ सेंटिमीटर उतरेल. तो उतरला ४४ हून थोडा अधिक. दांडा तिरका होतो आणि त्या तिरकेपणामुळे पिस्टन आणखी खाली ओढला जातो, म्हणून पहिल्या पाव फेऱ्यात तो निम्म्याच्या पुढे जातो आणि दुसऱ्या पाव फेऱ्यात उरलेले कमी अंतर सावकाश कापतो. दांडा अमर्याद लांब असता तरच बरोबर निम्मे झाले असते. लांब दांड्याची महती सांगणारे लोक म्हणतात ते तत्त्वतः खरेच आहे: दांडा लांब असला की पिस्टन वरच्या टोकाशी अधिक रेंगाळतो.

प्रश्न होता तो किती, एवढाच. दुसरी कामटी लावली. पिस्टन उतरला ४३.९ सेंटिमीटर, पहिल्याने ४४.२. फरक अडीच मिलिमीटरांच्या आसपास, तोही दसपट केलेल्या चित्रात. आमच्या खडूची रेघ त्याहून जाड होती! खऱ्या इंजिनात हा फरक पाव मिलिमीटर. पिस्टन ज्या क्षणी वरच्या टोकाशी 'रेंगाळतो' त्या क्षणाचा हिशेब तर अंगणात मांडताच येईना. तो वहीत केला. वरच्या टोकापासून दहा अंश फिरल्यावर दोन्ही दांड्यांतील फरक एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो, आणि तो सात भरतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे दहावा हिस्सा.

तिरकेपणाचे काय? आखूड दांडा जास्तीत जास्त साडेअठरा अंश कलतो, लांब दांडा सुमारे पावणेअठरा. भिंतीवरील दाब शेकडा चार-साडेचारने कमी होतो. हा लाभ खरा आहे, आणि वर्षानुवर्षे चालावयाच्या इंजिनात भिंतीची झीज त्याने थोडी कमी होईल. पण दांडा मोडण्याचे कारण हे नव्हे.

भावोजी इतका वेळ ओसरीवर बसून पाहत होते. ते उठून आत गेले आणि बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आले. डब्यात फडक्यात गुंडाळलेला मोडक्या दांड्याचा खालचा तुकडा होता आणि एक तुटका बोल्ट. "मास्तर, हा पाहा. वर्षभर जपून ठेवला आहे." दांड्याचा खालचा भाग दोन अर्ध्या वाट्यांचा असतो; क्रँकला मिठी घालून त्या दोन बोल्टांनी आवळतात. हा बोल्ट तुटला होता, पण एकदम नव्हे. त्याची मान ओढून ताणून बारीक झाली होती, भाजताना गुळाची तार ओढावी तशी. भावोजी मुलाला म्हणाले, "मागच्या वेळी बोल्ट नवे घातलेस की जुनेच?"

बराच वेळ उत्तर आले नाही. मग भाचा म्हणाला, "जुनेच. नव्यांचे पैसे टायरांना गेले." आणि आणखी थोड्या वेळाने, "शेवटच्या वळणावर काटा सात हजार सातशेवर गेला होता."

आता वहीचे पान उलटले. इंजिन मिनिटाला सात हजार फेरे घेते, म्हणजे पिस्टन मिनिटाला सात हजार वेळा वर जाऊन थबकतो आणि परत फिरतो. त्या परत फिरण्याच्या क्षणी, या मापांच्या इंजिनात, त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सत्तावीसशे पट ओढ द्यावी लागते. पाव किलोचा पिस्टन त्या क्षणी साडेसहाशे किलोंहून अधिक भाराने वर निसटू पाहतो. दर दोन फेऱ्यांतील एका वेळी त्याच्या माथ्यावर दाबलेल्या हवेची उशी तरी असते. दुसऱ्या वेळी, धूर बाहेर टाकून झाल्यावर, झडपा उघड्या असतात आणि माथ्यावर काहीच नसते. तेव्हा तो सारा भार दांडा ओढून धरतो, आणि दांड्याला धरतात ते हे दोन बोल्ट. दांडे ओढले जाऊन तुटतात ते बहुधा याच क्षणी.

ही ओढ कमी करावयास ५ मिलिमीटर लांबी किती साहाय्य करते? हिशेब केला: शेकडा एक. आणि सात हजारांवरून सात हजार सातशेवर गेल्यास ओढ किती वाढते? फेरे शेकडा दहा वाढले, पण ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून शेकडा एकवीस. एकीकडे एक, दुसरीकडे एकवीस. ही दोन अक्षरे वहीत शेजारी शेजारी लिहिल्यावर भाच्याने पेन्सिल खाली ठेवली.

दुपारच्या जेवणानंतर तो पुन्हा आमच्याजवळ येऊन बसला. मन पूर्ण वळले नव्हते, आणि ते योग्यच होते. हिशेबाने हरलेला माणूस एकदा तरी दुसरीकडे दाखला शोधतो. तो म्हणाला, "पण मामा, मोठमोठे लोक लांब दांडाच घालतात." खरे आहे. अमेरिकेतील स्मोकी युनिक हा शर्यतीच्या इंजिनांचा नामांकित जाणता; ठोकळ्यात मावेल तितका लांब दांडा घाला, असा त्याचा आग्रह. परंतु टेक्ससमध्ये रेहर-मॉरिसन या नावाने शर्यतींची इंजिने बांधणाऱ्यांपैकी डेव्हिड रेहर यांचे मत नेमके उलट: पिस्टन आणि क्रँक यांना जोडणे हे दांड्याचे काम, आणि बाकीची मापे ठरली की उरेल ती त्याची लांबी. शेव्हरलेटची ३५० आणि ४०० घनइंची ही दोन इंजिने एकाच उंचीच्या ठोकळ्यात बसविलेली आहेत. ४०० मध्ये फेरा वाढविला, तेव्हा कारखान्यानेच दांडा १४४.८ मिलिमीटरवरून १४१.४ वर आणला. बेरीज तेथेही चुकली नाही. होंडाच्या एस २००० या गाडीत ८४ मिलिमीटर फेऱ्याला १५३ चा दांडा आहे, गुणोत्तर १.८२, ते इंजिन नऊ हजारांपर्यंत फिरे. पण त्याच होंडाचे इंटेग्रा टाइप-आर गाडीतील इंजिन १.५८ च्या गुणोत्तरावर आठ हजारांच्या पुढे फिरत असे. १.५८ म्हणजे आमच्या गोठ्यातील इंजिनाचेच गुणोत्तर.

भाचा हसला. त्या दिवसातील त्याचे ते पहिले हसू. "म्हणजे लांब दांडा फुकट?"

"फुकट नव्हे," आम्ही म्हणालो. "ठोकळा उंच असेल, पिस्टन मुद्दाम बनवून घ्यावयाचेच असतील, आणि कड्यांना पुरेशी जागा राहत असेल, तर खुशाल लांब घाल. तुझ्यापाशी यांतील काय आहे?" त्याने डोके हलविले. यांतील काहीच नव्हते.

उन्हे कलली तसे आम्ही तिघे साकवावरून किनाऱ्याकडे गेलो. भावोजींची चाल मंद झाली आहे, पण साकवाच्या बांबूवर पाय ठेवताना ते अजून बोटीवरच्यासारखे तोल सांभाळतात. वाळूवर बसून त्यांनी आपल्या बोटीच्या इंजिनाची गोष्ट सांगितली. ते इंजिन सावकाश फिरणारे. त्याच्या आवाजात जरासा निराळा ठोका आला की ते बोट धक्क्याला लावून बेअरिंग पाहत. "लोक खोळंबत, शिव्या देत. पण नदीच्या मध्यावर इंजिन बंद पडण्यापेक्षा शिव्या बऱ्या." मग मुलाकडे न पाहता ते म्हणाले, "तुझे इंजिन माझ्यापेक्षा दसपट वेगाने फिरते. तुला ठोका ऐकायला वेळच मिळणार नाही. म्हणून आधी मोजून ठेव."

भाच्याने तेथेच वाळूत बसून मागणी बदलली. लांबी १२० च. मूळच्या लांबीचेच, पण घडीव पोलादाचे चार दांडे. आठ बोल्ट, सर्व नवे. उरलेल्या पैशांत क्रँक कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाठवून घासून व तोलून आणावयाचा, चारही दांडे व पिस्टन एकाच वजनाचे करावयाचे, आणि सात हजारांच्या वर इंजिन जाऊच नये म्हणून ठिणगी तोडणारी कळ बसवावयाची. दूरच्या एका दुकानदाराला त्याने तसे कळविले, आणि फोन खिशात टाकून म्हणाला, "काजूच्या उचलीतले थोडे परत करता येतील."

रात्री बहिणीने आम्हांस बाजूला घेऊन विचारले, "दादा, आता मोडणार नाही ना?"

तिने आम्हांस बोलावले होते ते त्याला थांबविण्यासाठी, आणि आम्ही तर त्याच्याबरोबर अंगणात कामट्या फिरवीत बसलो होतो. मोडणार नाही असे वचन कोणत्याही लोखंडाच्या वतीने कोणी देऊ शकत नाही. आम्ही तिला तसे सांगितले. आणि हेही सांगितले की, मागच्या वेळी तो का मोडला हे त्याला ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे. ती काही बोलली नाही. भांडी आवरून झाल्यावर मात्र तिने गोठ्यातील दिवा स्वतः जाऊन लावून दिला.

त्यानंतर आम्ही मांद्र्यास गेलो ते चवथीला. माटोळीला कौंडाळे, सुपाऱ्या, नारळ लटकलेले, गणपतीपुढे समई, आणि घरभर पाहुणे. पावसाळ्यापूर्वी भाचा दोन शर्यतींत उतरला होता. एकीत चौथा आला, दुसरीत गिअर अडकून मधेच थांबला. पारितोषिक एकही नाही. तरी पाऊस लागताच त्याने चांगले चालणारे इंजिन मुद्दाम उघडले होते. ओसरीच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रावर बेअरिंगच्या अर्ध्या वाट्या ओळीने मांडल्या होत्या, गुळगुळीत, एकीवरही ओरखडा नाही. शेजारी तीच वही. जानेवारीत बसविण्यापूर्वी आठही बोल्टांची लांबी त्याने मोजून लिहिली होती. आता उघडल्यावर पुन्हा मोजून समोरच्या रकान्यात लिहिली होती. बोल्ट ताणला गेला असता तर दुसरा आकडा मोठा आला असता.

बहीण आरतीचे तबक घेऊन जाता जाता थांबली. तबक खाली ठेवून तिने वही उचलली, चष्मा लावला, आणि पहिल्या रकान्यावरून दुसऱ्या रकान्यावर बोट नेत आठही ओळी मनातल्या मनात वाचल्या. पहिली जुळली, दुसरी जुळली. आठवीपर्यंत एकही आकडा हलला नव्हता. तिने वही मिटून मुलाच्या हातात दिली, आणि तबक उचलीत म्हणाली, "हात धुऊन ये लवकर. आरतीला खोळंबले आहेत सगळे."